फुलांचे वेड आणि फुलांचा धंदा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी लक्ष्मीचा घट मांडतात, फुलांना उठाव असतो, त्यामुळे त्या दिवशी सकाळी आमच्या भागातला फुलवाला शेतकरी कचेरीकडे फिरकत नाही. मी आपला जुने कागद लावत बसलो होतो. तेवढ्यात एक जोडपे आत आले. मुलगा बत्तीस-तेहतीस वर्षांचा, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरीला. बायको शाळेत शिकवणारी. वडिलांची सासवडजवळ दीड एकर जमीन, विहिरीत वाटा, आणि मुलाला लहानपणापासून फुलांचे वेड. भाड्याच्या घराच्या गॅलरीत चाळीस कुंड्या केल्या होत्या. त्यांतल्या गुलाबांचे फोटो त्याने मला एकामागून एक दाखवले. गुलाब खरोखरच चांगले होते.

"साहेब, नोकरीत जीव रमत नाही," तो म्हणाला. "फुलशेती करायची ठरवलंय. मार्चअखेर राजीनामा देतो. पॉलीहाऊस घ्यावं का साधी फुलं लावावीत, तेवढं सांगा."

बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "साहेब, फुलं तोडायला रोज पहाटे कोण उठणार, हे यांना विचारा की."

तो हसला. मी हसलो नाही. कारण तिने जे विचारले ते माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत फार थोड्या लोकांनी आधी विचारले आहे. बहुतेकांना ते नंतर कळते.

वाचकहो, हा प्रश्न काही एकट्या त्या मुलाचा नाही. तुमच्यातल्या कित्येक घरांत असा एखादा मुलगा, मुलगी, सून असेल. नोकरीला कंटाळलेली, गावाकडे थोडी जमीन असलेली, आणि फुलांवर जीव असलेली. त्यांनी काय करावे? मी कोणालाही सरसकट 'करा' म्हणत नाही आणि 'करू नका' असेही म्हणत नाही. आधी मी एक जुनी गोष्ट सांगतो. तीत चूक माझी आहे.

साधारण २००८ सालचा सुमार. एका कारखान्यात कामाला असलेला एक तरुण माझ्याकडे यायचा. त्यालाही असेच वेड. रविवार आला की दुसऱ्यांची फुलशेती बघत हिंडायचा. त्या वेळी पॉलीहाऊसची हवा होती. तळेगावला फुलांसाठी वेगळी औद्योगिक वसाहत झालेली, तिकडचे गुलाब परदेशात जात होते, वर्तमानपत्रांत रोज काहीतरी छापून यायचे. मीही त्या हवेत होतो. मी त्याला म्हणालो, "दहा गुंठ्यांवर जरबेरा कर. अनुदान आहे, बँक कर्ज देते, अडचण काय?" त्याने नोकरी सोडली. सांगाडा उभा राहिला, लाल माती आणून गादीवाफे केले, रोपे लागली. पहिले चार महिने दृष्ट लागावी असे पीक.

मग नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोहाची कमतरता, हे मी लगेच ओळखले. पण ती का आली, हे ओळखायला उशीर केला. बोअरचे पाणी तपासले तेव्हा सामू आठाच्या वर निघाला आणि क्षारही भरपूर. जरबेऱ्याला मुळाशी सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान लागतो. म्हणजे आम्ही ठिबकातून रोज थोडे थोडे विषच सोडत होतो म्हणा ना. आम्लाची प्रक्रिया सुरू केली, खते बदलली, खर्च वाढला, फुलांचे दांडे मात्र आखूडच राहिले. आखूड दांड्याला बाजारात कोण विचारतो? त्यातच दुसऱ्या वर्षी वळवाच्या पावसात वरचा कागद फाटला. हप्ते थकले. शेवटी सांगाडा मोडून लोखंड विकले आणि जमिनीचा एक तुकडाही गेला. तो तरुण आता तरुण राहिला नाही. दुसऱ्याची गाडी चालवतो. आठवड्याच्या बाजारात भेटला की "काय साहेब, बरे का?" म्हणून तोच आधी विचारतो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पाणी तपासायचा खर्च किती? एका जेवणाचा. मी त्याला आधी बाटलीभर पाणी घेऊन ये म्हणालो असतो तर त्याची नोकरी वाचली असती. तेव्हापासून मी फुलांच्या माणसाशी बोलायला बसलो की पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो, आवडीचा नाही.

आवड नको असे मी म्हणत नाही. पण आवड आणि धंदा ही दोन वेगवेगळी कामे आहेत, हे नीट ध्यानात घ्या. डॉ. बी. पी. पाल हे आपल्या देशातले गव्हाचे फार मोठे शास्त्रज्ञ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक तेच झाले, १९६५ साली. गव्हावरच्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. आणि हाच माणूस गुलाबाचा वेडा. गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती त्यांनी स्वतः तयार केल्या. पोट गव्हावर, जीव गुलाबावर. यात काही कमीपणा आहे का? ज्याला फुले बघायला आवडतात त्याने अवश्य कुंड्या कराव्यात आणि सुखाने नोकरी करावी. धंदा करणाऱ्याला फूल उमलायच्या आत तोडावे लागते. मोगऱ्याची कळी रात्री घरी दरवळते, पण विकायची ती पहाटे मिटलेलीच खुडायची असते. निशिगंधाचेही तेच. ज्याला फूल झाडावर उमललेले बघायचे आहे त्याचे आणि बाजाराचे जमायचे नाही.

एका ताईंची वही

आता ज्यांचे जमले त्यांची हकिकत ऐका. पुरंदर तालुक्यातल्याच एक ताई आहेत. नाव सांगणार नाही, त्यांना आवडत नाही. हडपसरकडे एका कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षे कामाला होत्या. सकाळच्या गाडीने दिवेघाट उतरायचा, रात्री चढायचा. माहेरी आजीच्या अंगणात अबोली आणि जाई होती, तेव्हापासून फुलांचा नाद. सासरी सव्वा एकर जमीन, तीत वाटाणा, घेवडा, बाजरी आणि दावणीला एक म्हैस.

२०१६ साली त्या मला पहिल्यांदा भेटल्या त्या राजीनामा द्यायचा म्हणून नाही. त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, नोकरी चालू ठेवून किती गुंठे झेपतील?" मी म्हणालो, "घरात पहाटे मोकळे हात किती?" त्या म्हणाल्या, "माझे दोन आणि आत्यांचे दोन." आत्या म्हणजे सासूबाई. मग चार हातांच्या हिशेबाने आम्ही सहा गुंठे गुलछडी आणि चार गुंठे अॅस्टर ठरवले. त्याहून एक वाफाही जास्त नाही.

निशिगंधाला आमच्याकडे गुलछडी म्हणतात. नोकरी करणाऱ्या घराला हे पीक का बरे, ते सांगतो. कंद एकदा एप्रिल-मेमध्ये लावला की तीन-चार महिन्यांनी फुले सुरू होतात आणि तीन वर्षे रान मोडावे लागत नाही. दरवर्षी नवे बियाणे, नवी रोपे ही भानगड नाही. हार-वेणीसाठी सुटी फुले विकायची तर एकेरी पाकळीची जात घ्यावी. राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' आहे, बंगळूरच्या संस्थेच्या 'शृंगार' आणि 'प्रज्वल' आहेत. लांब दांडी गुच्छासाठी विकायची तर दुहेरी पाकळीची 'सुवासिनी' किंवा 'वैभव'. कंद लहान बोरापेक्षा बारीक घेऊ नका, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, टणक बघून घ्या आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून लावा. आणि ज्या रानात सूत्रकृमी आहे तिथला कंद फुकट मिळाला तरी आणू नका. शेजाऱ्याने दिलेल्या कंदांबरोबर सूत्रकृमी घरी आणलेले लोक मी पाहिले आहेत.

ताईंनी पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर गेलेले, उजव्या पानावर आलेले. त्यात एक गोष्ट त्यांनी अशी केली की जी मी कोणाला शिकवली नव्हती. स्वतःची आणि सासूबाईंची पहाटेची मजुरी त्या डाव्या पानावर लिहीत. गावात बाईला जी रोजंदारी मिळते त्या दराने, तासावर. मी म्हणालो, "ताई, घरची मजुरी कशाला लिहिता?" त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, आत्या आजारी पडल्या तर बाई लावावी लागेल. तिला काय मी घरची म्हणून फुकट राबवणार?" आपल्याकडे फुलशेतीत नफा झाला म्हणून जे सांगतात त्यातले निम्मे हिशेब घरच्या बायकांची मजुरी न धरता केलेले असतात. ती धरली की नफा कुठे जातो ते बघा.

सहा गुंठे गुलछडी तोडायला बहरात दोघींना दीड तास लागे. पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन रानात जायचे, सहाच्या आत पाटी भरायची, वर ओले फडके, आणि गावातून गुलटेकडीला जाणाऱ्या टेम्पोत माल टाकायचा. मग ताई सातच्या गाडीने कामावर. हे एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे. गुलछडीला रविवार माहीत नसतो. घरात लग्न असो की सुतक, फूल आज तोडले नाही तर उद्या ते कोमेजलेले असते आणि त्याची किंमत शून्य. वाटाणा चार दिवस थांबतो, फूल थांबत नाही.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस वहीत बेरीज केली तेव्हा हातात पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके राहिले होते. दुसऱ्या वर्षी थोडे जास्त. बाराही महिने सारखे नव्हतेच. पाच महिने चांगले, चार महिने बरोबरीचे आणि तीन महिने डावे पान जड. पण ताईंना एक कळले की कोणते तीन महिने जड जातात. तिसऱ्या वर्षी त्यांनी त्या महिन्यांसाठी अॅस्टरची लावण पुढे-मागे करून बघितली, आणि तिसऱ्या वर्षी फुलांनी पगाराला मागे टाकले. तरीसुद्धा त्या लगेच बाहेर पडल्या नाहीत. २०१९ साली, दिवाळीचा बोनस घेऊन, मग राजीनामा दिला. मला त्यांचा तो बोनस फार आवडला.

आणि पुढच्याच वर्षी काय झाले ते सर्वांना माहीत आहे. २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. पाडव्यासाठी धरलेला झेंडू, शेवंती, गुलछडी गावोगाव रानातच राहिली. गाड्या बंद, बाजार बंद, देवळे बंद, लग्ने बंद. महाराष्ट्रातली देवळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. २०२१ च्या एप्रिलात ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. भाजीवाल्याचा माल कसाबसा दारोदार गेला, फुलवाल्याचा माल कोण घेणार? लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. गुरांपुढे शेवंती टाकलेली मी डोळ्यांनी बघितली आहे.

ताई तगल्या त्या दोन गोष्टींमुळे. एक, सव्वा एकरातली अर्ध्याहून कमी जमीन फुलाखाली होती. वाटाणा, घेवडा होता, म्हशीचे दूध डेअरीला जात होते. दुसरी, त्यांनी गुलछडी उपटली नाही. अॅस्टर काढून तिथे मेथी-कोथिंबीर टाकली, पण गुलछडीचे दांडे छाटले, खत बंद केले आणि कंद जगेल एवढेच पाणी देत राहिल्या. "फूल गेलं तर गेलं, कंद म्हणजे मुद्दल आहे," असे त्या म्हणायच्या. बाजार उघडला तेव्हा त्यांच्याकडे मुद्दल शाबूत होते. ज्यांनी सगळी जमीन फुलाखाली घातली होती आणि वर कर्ज होते, त्यांच्यातले काही पुन्हा कारखान्याच्या दारात उभे राहिले.

पंचांग बघून लावण

त्या हिंजवडीच्या मुलाला मी ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "साहेब, भाव कधी मिळतो हे आधी कसं कळणार?" मी टेबलाच्या खणातून पंचांग काढून त्याच्यापुढे ठेवले. कृषी पदवीधराच्या टेबलात पंचांग बघून त्याला नवल वाटले. पण फुलांच्या शेतीत ते पिकाच्या वेळापत्रकाइतकेच उपयोगी आहे.

आपल्याकडे फूल लागते ते देवाला, लग्नाला आणि मयताला. मयताचे सांगता येत नाही, पण पहिली दोन पंचांगात लिहिलेली असतात. श्रावणात मागणी चढते, गणपतीत कडाडते, पितृपक्षात पार बसते, घटस्थापनेला पुन्हा उठते आणि दसऱ्याला टोक गाठते. पौषात लग्ने नसतात. अधिक महिना आला तर लग्ने नाहीत आणि पुढचे सगळे सण मागे सरकतात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला. अठरा दिवसांचा फरक! "गेल्या वर्षी अमुक तारखेला झेंडू लावला होता, यंदाही त्याच तारखेला लावू," असे म्हणणाऱ्याची फुले ऐन पितृपक्षात बहरात येतात आणि दसऱ्याला झाडे दमलेली असतात.

झेंडूचे गणित मागून मांडा. रोप वाफ्यात किंवा ट्रेमध्ये वीस-पंचवीस दिवस. लावणीनंतर जातीप्रमाणे पन्नास-साठ दिवसांनी फुले. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, फुले वाढतात, पण बहर आठ-दहा दिवस पुढे जातो, हे धरायला विसरू नका. म्हणजे २० ऑक्टोबरचा दसरा साधायचा तर बी जुलैच्या मध्याला पडले पाहिजे आणि रोप ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रानात गेले पाहिजे. दोन फूट बाय दीड फुटावर लावले तर गुंठ्याला पावणेचारशे रोपे बसतात. पावसाळी रानात गादीवाफा किंवा सरी-वरंब्याशिवाय झेंडू लावू नका. आणि दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस पडला की भिजलेला माल गोणीत तापतो, काळा पडतो. शक्य असेल तर पावसाची उघडीप बघून तोडा, आणि भिजलाच तर गोणीत न भरता हवेशीर जागी पसरून मगच भरा.

पण झेंडूविषयी आणखी एक कानगोष्ट. हे पंचांग तुम्हीच बघता असे नाही, सगळेच बघतात. त्यामुळे ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूच झेंडू होतो आणि संध्याकाळी लोक माल तिथेच टाकून रिकामी गाडी घेऊन घरी येतात. म्हणून सगळे रान एका तारखेला लावू नका. दहा गुंठे असतील तर तीन हप्त्यांत लावा. दसरा एकात साधेल, दिवाळी दुसऱ्यात, आणि तिसऱ्याला मार्गशीर्ष आहेच. दसऱ्याला तुम्हाला कोणी सोन्याचा भाव दिला तर आनंद आहे, पण त्या एका दिवसावर घर चालवायचे नसते.

शेवंतीचे आणखी वेगळे. दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते. तिला तुमची तारीख कळत नाही, तिला उजेड कळतो. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेली शेवंती दिवाळीच्या आगे-मागे फुलते ती त्यामुळे. रस्त्याच्या किंवा कोंबड्यांच्या शेडच्या दिव्याखाली येणाऱ्या ओळी मागे राहतात आणि शेतकरी मला "साहेब, या कोपऱ्याला कसला रोग आलाय?" म्हणून विचारतो. रोग नाही, दिवा आहे.

मावळातले गुलाबवाले तर इंग्रजी पंचांग बघतात. चौदा फेब्रुवारीचा बाजार साधायला डिसेंबरच्या मध्यावर फांद्या छाटतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून माल निघतो. थंडी जास्त पडली की फूल लांबते आणि चौदा तारीख निघून जाते. पंधरा तारखेला त्या गुलाबाला कोण विचारतो, ते त्यांनाच विचारा.

त्या मुलाला मी आणखी एक म्हणालो. फुलांवर प्रेम आहे म्हणून फुले पिकवलीच पाहिजेत असे कोणी सांगितले? फूल रानातून देव्हाऱ्यापर्यंत जाते त्यात चार-पाच जणांची पोटे भरतात. कोणी हार-वेण्या गुंफतो, कोणी मांडव सजवतो, कोणी रोपवाटिका चालवतो. तालुक्याच्या गावात लग्नाच्या गाडीला आणि स्टेजला फुले लावणारा माणूस बऱ्याचदा दहा गुंठेवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळवतो, आणि त्याला पाऊस पडला तर झोप येते. ज्याच्या हातात कला आहे आणि कमरेत जोर नाही त्याने इकडे बघावे. प्लास्टिकच्या फुलांनी या सजावटीच्या धंद्यात मोठी घुसखोरी केली आहे हे खरे. तरी देवाच्या गळ्यात आणि नवरीच्या केसात अजून खरेच फूल जाते.

ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्यासाठी एक सूचना. आपल्या राज्यात कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. "आधी इसार देऊन ठेवा, सात-बाऱ्याचे बघू," असे म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. खंडाने घ्यायची तर करार लिहून, आणि गुलछडी लावणार असाल तर निदान तीन वर्षांचा.

पॉलीहाऊसचे म्हणाल तर मी त्याच्या विरुद्ध नाही. आमच्याच भागात त्यावर उत्तम चाललेली घरे आहेत. पण ती उघड्या रानात दोन-तीन वर्षे फुले करून मग आत गेलेल्यांची आहेत. अनुदान मिळते म्हणून पॉलीहाऊस करू नये. अनुदान एकदा येते, हप्ता दर महिन्याला येतो. ज्यांना करायचेच आहे त्यांनी तळेगाव दाभाड्याच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षण आधी घ्यावे. तिथे आठवडाभरात जे कळते ते शिकायला आमच्या त्या गाडी चालवणाऱ्या मित्राला जमिनीचा तुकडा विकावा लागला.

तर त्या जोडप्याला मी पॉलीहाऊसबद्दल हो किंवा नाही काहीच सांगितले नाही. म्हणालो, "तुम्हाला शनिवार-रविवार सुट्टी असते ना? येत्या चार शनिवारी त्या ताईंच्या रानात पहाटे साडेचारला हजर राहा. पाटी भरा, टेम्पोत बसून मालाबरोबर गुलटेकडीला जा, लिलाव बघा, पट्टी हातात घ्या आणि पट्टीत काय काय वजा झाले ते वाचा. मग या."

पहिल्या शनिवारी दोघे आले. मुलगा थंडीने काकडत होता, तरी पाटी भरून झाल्यावर फुलांचे फोटो काढत राहिला. ताईंनी त्याला दोनदा हाक मारली, टेम्पो थांबत नाही म्हणून. दुसऱ्या शनिवारी तो एकटाच आला. तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही, बायको आली. ती गुलटेकडीहून परत आली ती पट्टी घेऊन आणि ताईंच्या वहीतली चार पाने उतरवून घेऊन. चौथ्या शनिवारी पुन्हा दोघे.

त्यानंतर कचेरीत आले तेव्हा बोलणे तिनेच केले. नोकऱ्या दोघांच्याही राहणार. सासू-सासरे गावीच असतात, त्यांना विचारले आहे. एप्रिलमध्ये पाच गुंठे गुलछडी, आणि पहाटेसाठी शेजारची एक बाई रोजाने, तिची मजुरी पहिल्या दिवसापासून वहीत. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, गॅलरीतले गुलाब बांधावर लावले तर चालतील ना?" मी म्हणालो, "खुशाल लावा. पण त्यांचा खर्च त्या वहीत लिहू नका."

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असे असेल तर आमच्या कचेरीत या, तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. सोमवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवार बरा. सात-बारा आणि गेल्या वर्षीच्या पिकांची माहिती जवळ असू द्या. रानाच्या चार-पाच जागची माती वीतभर खोलीवरून घेऊन, एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत आणा. आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, मोटर दहा मिनिटे चालू ठेवून मग भरलेले, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत. बाटली औषधाची नको. तिच्यावर गाव, गट नंबर आणि तारीख लिहायला विसरू नका.